विडा संपेपर्यंत

आमच्या सासरी धुपाटणं दोन कामांना वापरत. शुक्रवारी संध्याकाळी सासूबाई त्यात निखारे घालून देवापुढं सांब्राणीचा, म्हणजे ऊदाचा, धूर करायच्या. इतर कुठल्याही दिवशी सासरे तेच धुपाटणं पिशवीत घालून साइटवर न्यायचे, माझ्या नवऱ्याला कोंडायला. दोन्ही कामं सारख्याच भक्तीनं व्हायची. हे कोंडणं काय होतं ते सांगायचं, तर आधी धंदा सांगायला हवा.

सासऱ्यांना घरीदारी सगळे अण्णा म्हणत. भिंतींतली भोकं बुजवण्याची कंत्राटं ते घेत. स्थळ बघायला नाशिकहून आलेल्या माझ्या बाबांनी भीत भीत विचारलं होतं, "म्हणजे प्लॅस्टर का?" अण्णा म्हणाले, "प्लॅस्टर शोभेला असतं. आम्ही जीव वाचवतो." बाबांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी पुढचं काही विचारलंच नाही. बेंगळूरला बसवनगुडीत स्वतःचं घर, कित्येक पिढ्यांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडं आलेलं घराणं, आणि वर जीव वाचवतात. मुलीच्या बापाला आणखी काय हवं?

धंदा असा. इमारतीत विजेच्या केबली, पाण्याचे आणि एसीचे पाइप या खोलीतून त्या खोलीत जातात. त्यांच्यासाठी इलेक्ट्रिशियन नाहीतर प्लंबर भिंतीला भोक पाडतो, आपली वस्तू ओढून घेतो आणि भोक तसंच टाकून चालता होतो. फॉल्स सीलिंगच्या वर असल्यानं ते कुणाला दिसत नाही. आगीला मात्र बरोबर दिसतं. आगीच्याही आधी धूर त्यातून पलीकडे जातो, आणि माणसं बहुतेक वेळा जळण्याआधी धुरानंच मरतात. म्हणून केबलीभोवतीची फट रॉकवूलनं, म्हणजे दगडापासून केलेल्या लोकरीनं, ठासून भरायची आणि वरून आगीत न तडकणारा मसाला लिंपायचा. प्लॅस्टिकचा पाइप वितळला की भोक पुन्हा उघडं पडतं, म्हणून त्याला उष्णतेनं फुगणारी पट्टी गुंडाळायची. नव्वदच्या दशकात कोरमंगलाच्या बाजूला काँप्युटर कंपन्यांची ऑफिसं उभी राहायला लागली, त्यांच्या परदेशातल्या मालकांना हे सगळं हवं असे. बाकीचं बेंगळूर देवाच्या भरवशावर होतं.

भोक नीट बुजलं की धूर जिथला तिथंच राहतो. मग त्या खोलीत जो अडकला असेल त्याचं काय? लग्नानंतर नवी नवी असताना मी एकदा जेवताना हे विचारलं. अण्णा म्हणाले, "त्यानं पळायचं. त्याला पळता येत नसलं तर आपण काय करणार?" आणि मला ताक वाढायला सांगितलं.

कंपन्यांचं समाधान कागदांवर व्हायचं. अण्णांचं होत नसे. त्यांची स्वतःची एक परीक्षा होती, त्यांनीच काढलेली, कुठल्याही पुस्तकात नसलेली. भिंतीच्या एका बाजूच्या खोलीत धुपाटणं ठेवायचं. निखाऱ्यांवर भिजवलेला काथ्या आणि मूठभर सांब्राणी. दाराच्या फटीला ओलं गोणपाट. भिंतीच्या दुसऱ्या बाजूच्या खोलीत दिवा बंद करून, हातात टॉर्च घेऊन, ज्यानं ते भोक बुजवलं तो माणूस. "बुजवणाऱ्यानं पलीकडं बसायचं," हा नियम. टॉर्चच्या उजेडात धूर दिसला की नापास. अण्णा स्वतः बाहेर पॅसेजमध्ये उभे राहत, पानाला चुना लावत, विडा तोंडात टाकत, आणि तो चघळून संपेपर्यंत परीक्षा चाले.

कामगारांना ती एक गंमतच वाटे. धूर आला की ते आतून ओरडत, अण्णा हसत दार उघडत, दोन कानडी शिव्या हासडत आणि पुन्हा बुजवायला लावत. धूर आला नाही तर अण्णा आत जात, केबलींच्या मधून बोट फिरवून बघत आणि म्हणत, "सरी." सरी म्हणजे बरोबर, ठीक. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत जो तो दिवसभर म्हणतो तो शब्द. पण अण्णांच्या तोंडून निघाला की आमचा मेस्त्री त्या दिवशी छाती पुढं काढून चाले.

मुलाची परीक्षा वेगळी असे. त्याच्या दाराला बाहेरून कडी. धूर येवो न येवो, विडा संपेपर्यंत कडी निघत नसे, आणि मुलाच्या वेळचा विडा अण्णा फार चवीनं चघळत. माझ्या नवऱ्याला लहानपणापासून दमा होता. "दमा हे आळसाचं सभ्य नाव," असं अण्णा पाहुण्यांसमोर म्हणत आणि पाहुणे हसत. मला त्या पाहुण्यांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटे.

खरं तर त्याच्या भोकातून धूर क्वचितच यायचा. तो त्या सगळ्यांत उजवा होता. केबलींची जाड जुडी भिंतीतून जाते तेव्हा फट जुडीभोवती असते तशी तिच्या पोटातही असते. बाकीचे भोवतीनं भरून मोकळे होत. हा जुडी सोडवायचा, एकेक केबल वेगळी करायचा आणि मधल्या मधल्या जागेत करंगळीनं लोकर सारत जायचा, मुलीची वेणी घालावी तितक्या हलक्या हातानं. मग आत बसायचा. मग अण्णा कडी काढत, बोट फिरवत, कुठं काही सापडत नसे, आणि ते म्हणत, "एवढ्याला इतका वेळ?" किंवा नुसतंच, "चल, पुढचं." लग्नाआधीची कितीतरी वर्षं आणि लग्नानंतरची माझ्यादेखतची, सरी हा शब्द त्याच्या वाट्याला एकदाही आला नाही.

पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा एक पाइप थोडा हलला होता आणि धूर त्याच्या खोलीत गेला होता. आतून खोकल्याचा आवाज येत होता. मी कडीकडे हात नेला. अण्णांनी माझ्याकडे न बघता फक्त मान हलवली, आणि मी नवी नवरी, हात खाली घेतला. दार उघडल्यावर तो दम्याचा पंप तोंडाला लावूनच बाहेर आला, ओठ निळसर. कामगार जमिनीकडे बघत होते. अण्णांनी थुंकून घेतलं आणि म्हणाले, "पाइप कुणी हलवला? तूच."

घरी मी सासूबाईंना धारेवर धरलं. निखारे त्याच फुलवून द्यायच्या, काथ्या त्याच भिजवून ठेवायच्या. त्या माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "सांब्राणी आज स्वल्प कमी घातली होती गं." हीच त्या बाईची माया, मुठीतली एक चिमूट.

"मग घालताच कशाला?"

"मी नाही घातली तर ते घालतात. जास्ती घालतात."

माझा सिव्हिलचा डिप्लोमा झालेला, आणि कंपनीच्या माणसांशी इंग्रजीत बोलायला अण्णांना कुणीतरी हवं होतं, म्हणून मला साइटवर न्यायला लागले. कामगार मला अक्का म्हणत. अण्णा माझ्याशी वाईट वागले असं मला म्हणता येणार नाही. मुलाच्या वाट्याचं सगळं गोड बोलणं ते माझ्यावर खर्च करत, तेही मुलाला ऐकू जाईल अशा बेतानं. तेव्हा मला ते नीट कळत नव्हतं.

सुटका दारात उभी होती. एअरकंडिशनिंगच्या एका कंपनीनं नवऱ्याला ड्रॉइंगच्या कामाला बोलावलं होतं. जागा मारतहळ्ळीकडे, तेव्हा तिकडं रागीची शेतं होती आणि बस मिळाली तर मिळाली, पण राहायला दोन खोल्या द्यायला तयार होते. धूळ नाही, धूर नाही, अण्णा नाहीत. मी सामानसुद्धा मनात बांधून ठेवलं होतं. चारचौघांत मी त्याला अहो म्हणायची, दोघंच असलो की अरे. त्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना विचारलं, "अरे, कधी निघायचं?"

"अण्णांना एकदा सरी म्हणू दे," तो म्हणाला. "एकदाच. दुसऱ्या दिवशी निघू."

"आणि नाही म्हणाले तर?"

"म्हणतील. काम तर बघतायत ना."

मला इतका संताप आला की हातातली ओली चादर मी बादलीत आपटली. या माणसाला दोन खोल्या नको होत्या, मोकळा श्वास नको होता, त्याला बापाच्या तोंडचा दोन अक्षरी उष्टा शब्द हवा होता. पण राग येऊन उपयोग काय? त्याचं पाऊल त्या शब्दाशिवाय घराबाहेर पडणार नाही, हे मला त्या दिवशी स्वच्छ कळलं. आणि शब्द काही मिळणार नव्हता. तेव्हा निदान ती कडी तरी मोडून काढायची असं मी ठरवलं.

माझा हिशेब साधा होता. भोक मी बुजवायचं. नियमाप्रमाणे मग पलीकडं मी बसायचं. अण्णा सुनेला अंधारात धूर सोडून कोंडणार नाहीत, कंपनीच्या माणसादेखत तर नाहीच नाही. लाजेनं का होईना, नियम मोडतील. एकदा मोडला की मी सगळ्यांसमोर म्हणणार होते, सून म्हणून मला सोडलंत ना, मग दमेकरी म्हणून यांनाही सोडा. माझं मलाच फार हुशार वाटलं होतं.

नवऱ्याला मी एवढंच सांगितलं की मला काम शिकव. त्यानं एका लाकडी खोक्याला भोक पाडलं, केबलीचे तुकडे त्यातून ओवले आणि रविवारी गच्चीवर माझी शाळा भरायला लागली. "अंगठा नाही, करंगळी. अंगठा फार जोर करतो." मी चुकले की तो हसायचा, पण अण्णांसारखा नाही. लोकरीनं हात खाजायचे, तर स्वतः माझ्या मनगटांना खोबरेल लावायचा. आमच्या संसारातले चांगले दिवस कोणते असं विचारलं तर मी ते रविवार सांगेन.

मग कोरमंगलातलं ते ऑफिस आलं. काँप्युटरची खोली आणि तिला लागून बॅटऱ्यांची खोली. बॅटऱ्या यायच्या होत्या, खोली रिकामी होती. मधल्या भिंतीतून मनगटाहून जाड अशी केबलींची जुडी गेलेली. नवऱ्याची छाती त्या आठवड्यात भरलेली होती, म्हणून मी म्हटलं हे भोक माझं, आणि अण्णा चक्क हो म्हणाले. मी जुडी सोडवली, एकेक केबल वेगळी केली, करंगळीनं भरत गेले. मसाला लिंपला. तो वाळून दगड झाल्यावर परीक्षेचा दिवस ठरला.

कंपनीचा एक तरुण इंजिनिअर टाय लावून आला होता. कामगार होते, मेस्त्री होता. मी पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "अण्णा, भोक मी बुजवलंय. नियमाप्रमाणे मी पलीकडं बसते."

नवरा पुढं आला. "अगं, नको," तो म्हणाला.

अण्णांनी माझ्याकडे निवांत बघितलं. पानाला चुना लावता लावता ते हसले. "नियम म्हणजे नियम, अम्मा," ते म्हणाले. "बस." मग त्यांनी धुपाटणं उचललं आणि मुलाच्या हातात दिलं. एरवी ते खोलीत नुसतं ठेवून दार लावून घेत, आत कुणी थांबत नसे. "बायकोचं पहिलं काम आहे. कसून बघायला पाहिजे. तू बॅटऱ्यांच्या खोलीत बस आणि वारा घाल. विझू देऊ नको."

मी काँप्युटरच्या खोलीत गेलेच होते, काही बोलायच्या आत माझ्यामागं कडी लागली. दाराबाहेर तो इंजिनिअर इंग्रजीत म्हणत होता की किती छान, देवळासारखा वास येतोय.

अंधारात मी टॉर्च भोकावर धरला. धुराची एक रेघसुद्धा नाही. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला अभिमान वाटला. मग भिंतीतून खोकला ऐकू आला.

त्याचा खोकला मला पाठ होता. आधी कोरडा, मग ओढ लागल्यासारखा, मग मधे शिट्टी, आणि मग मधली शांतता, जी सगळ्यांत वाईट. मला कळून चुकलं की मी काय बुजवून ठेवलंय. धूर माझ्याकडे येत नव्हता, म्हणजे तो सगळा त्याच्याकडे होता. मी दार बडवलं. "अण्णा, कडी काढा! त्यांना बाहेर काढा!" बाहेरून भरल्या तोंडानं आवाज आला, "विडा आहे अजून." मी भोकाशी धावले आणि नखांनी मसाला उकरायला लागले. एक भगदाड पडलं असतं तरी धूर थोडा माझ्याकडे आला असता. पण माझंच काम ते, करंगळीनं भरलेलं, त्याचा कपचाही निघेना. मी आयुष्यात कशाचा इतका तिरस्कार केला नाही जितका त्या क्षणी त्या सुबक लिंपणाचा केला.

कडी निघाली. अण्णा आत आले, माझ्या हातातला टॉर्च घेतला, केबलींच्या मधून बोट फिरवलं. फिरवत राहिले. तेवढ्यात पलीकडच्या खोलीचं दार उघडून नवरा आमच्या दारात येऊन उभा राहिला, चौकटीला धरून, एका हातात अजून धुपाटणं. अण्णांनी त्याला बघितलं. तो नीट बघतोय याची खात्री करून घेतली. मग म्हणाले, "सरी."

"सरी, अम्मा. सरी," ते पुन्हा म्हणाले.

"यांनीच शिकवलं मला," मी ओरडले. "हात माझा, काम यांचं आहे!"

"शिकवणारे चिक्कार असतात," अण्णा म्हणाले आणि थुंकायला बाहेर गेले.

नवरा चौकटीवरून घसरत खाली बसला. मेस्त्रीनं आणि मी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावावा लागला. वाटेत मेस्त्री सारखा एकच सांगत होता, आणि ते मी आजही विसरू शकत नाही: बॅटरीच्या खोलीला कडी लावलेलीच नव्हती, अक्का. नुसतं गोणपाट होतं. तो केव्हाही बाहेर येऊ शकत होता. आला नाही, कारण अण्णांनी विझू देऊ नको असं सांगितलं होतं.

घरी आल्यावर पुष्कळ दिवस तो अंथरुणात होता. मी त्याच्या उशाशी बसून अण्णांना तोंडाला येईल ते बोलत होते, दार उघडं ठेवून, त्यांना ऐकू जावं म्हणून. एका दुपारी त्यानं माझा हात बाजूला केला आणि म्हणाला, "सरी मिळाली की जायचं ठरलं होतं ना? तुला मिळाली. तू जा."

"अरे, ते तुला दुखवायला म्हणाले! तुझ्यासमोर मुद्दाम म्हणाले!"

"कशाला का म्हणेनात. उगीच नाही म्हणाले. भोक खरंच नीट बुजलं होतं." त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच भयंकर होतं. "पलीकडं एक कणसुद्धा गेला नाही. मला माहीत आहे. मी इकडं होतो."

मी भांडले, रडले, सासूबाईंनी माझ्या हातात कुंकवाचा करंडा दिला आणि डोळे पुसले. शेवटी त्या एअरकंडिशनिंगच्या कंपनीत मीच गेले. ड्रॉइंग मलाही येत होतं, आणि दोन खोल्या रिकाम्याच होत्या. बसपर्यंत ट्रंक त्यानं आणून दिली. बस सुटताना मला वाटलं तो काहीतरी म्हणेल. त्यानं कंडक्टरला सांगितलं, ट्रंक आडवी ठेवा, उभी पडते.

अण्णा दशक संपायच्या आत गेले. मी तिकडं गेले नाही. थोड्या दिवसांनी गांधी बाजारात फुलं घेताना मेस्त्री भेटला. मी म्हटलं, "चला, सुटला तो त्यांच्या तावडीतून एकदाचा. आता तरी ते धुपाटणं देवापुढं राहू दे."

मेस्त्रीनं मान हलवली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, पण इथं पीळ मुलाच्या अंगात उतरला होता. परीक्षा अजून होते, त्यानं सांगितलं. भोक मालक स्वतःच बुजवतात. धुपाटणं स्वतः पेटवतात. मग पलीकडच्या खोलीत जाऊन बसतात आणि मला बाहेरून कडी लावायला सांगतात.

"आणि तू लावतोस?"

"मालक आहेत, अक्का. नाही कसं म्हणणार?" मग तो जवळ आला. "पण तुम्ही घरच्या, म्हणून विचारतो. अण्णांचा विडा संपला की कडी निघायची. आता विडा खाणारं कुणी नाही. मालकांना विचारलं तर आतनं बोलत नाहीत. कडी कधी काढायची असते?"

"धूर आला की ओरडेल ना तो," मी म्हटलं. "तेव्हा काढ."

"त्यांनी बुजवलेलं असतं, अक्का," मेस्त्री म्हणाला. "धूर येतच नाही."